एका सड्यावरील दोन गेंद: ओळख, अधिवास आणि चरांचा आराखडा

पार्श्वभूमी

दक्षिण कोकणातील एका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने आपली लोकजैवविविधता नोंदवही नव्याने तपासायला घेतली, तेव्हा एका लहानशा पावसाळी फुलावरून जो प्रश्न उभा राहिला, त्याची ही हकिकत आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने अशी समिती नेमायची असते आणि गावातील सजीव, त्यांचे अधिवास व त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही ठेवायची असते. या कामात जवळच्या एका महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग समितीला मदत करीत होता आणि प्रस्तुत लेखक त्या विभागाच्या बाजूने सहभागी होता. गाव, महाविद्यालय आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे व काही तपशील वगळले आहेत. ज्या वनस्पतीमुळे हे सारे घडले तिचे जातिनामही येथे दिलेले नाही, कारण तिची आढळाची ठिकाणे इतकी थोडी आहेत की नावावरून थेट गावापर्यंत पोहोचता येईल.

गावाच्या माथ्यावर जांभ्याचा विस्तीर्ण सडा, म्हणजे सपाट कातळमाळ, आहे. मे महिन्यात त्यावर उभे राहिले तर काळपट लाल कातळ, वाळलेल्या गवताचे तुरळक पट्टे आणि मधूनच एखादे करवंदीचे जाळे याखेरीज काही दिसत नाही. महसुली नोंदीत या जमिनीचा बराचसा भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून दाखवलेला आहे. येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पहिल्या सरींबरोबर दिपकाडीची पांढरी फुले येतात. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये सीतेची आसवे, दवबिंदू, तेरडा, कवला आणि गेंद यांनी हाच कातळ झाकून जातो. दिपकाडी जमिनीत कंद राखून उन्हाळा काढते. नंतरच्या फुलांपैकी बहुतेक वर्षायू आहेत: बी रुजणे, रोप वाढणे, फुलणे, बी धरणे आणि मरून जाणे हे सारे ती एका पावसाळ्यात उरकतात आणि वर्षाचा मोठा भाग केवळ बियांच्या रूपाने, कातळाच्या भेगांत आणि खळग्यांच्या तळाशी साठलेल्या खडीत काढतात.

गेंद म्हणजे एरिओकॉलॉन या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या एका गटातील) वनस्पती. जमिनीलगत पात्यांसारख्या पानांचा झुपका, त्यातून वर आलेले बारीक, कंगोरेदार दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला सदऱ्याच्या लहान बटणाएवढा पांढरट किंवा राखाडी गोल स्तबक, असे त्यांचे रूप असते. तो स्तबक म्हणजे एक फूल नव्हे. त्यात नर आणि मादी अशी वेगवेगळी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असंख्य फुले दाटीने बसलेली असतात आणि जात ठरवणारी जवळजवळ सगळी लक्षणे त्या सूक्ष्म फुलांच्या आत दडलेली असतात. म्हणूनच या प्रजातीतील जाती दुरून पाहून किंवा साध्या छायाचित्रावरून सांगणे अवघड आहे. पी. एफ. फायसन यांनी १९१९ ते १९२२ या काळात भारतातील गेंदांचा जो सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तोही फुले सोडवून, भाग वेगळे करून केलेल्या निरीक्षणांवरच उभा आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

त्याच काळात ग्रामपंचायतीपुढे सड्यासाठी मृदसंधारण व वृक्षलागवडीचा एक आराखडा आला होता. सड्याच्या वरच्या अंगाला सलग समतल चर खोदायचे, जेथे कातळ कठीण असेल तेथे ब्रेकर लावून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून ते भरायचे आणि त्यांत झाडे लावायची, असे त्याचे स्वरूप होते. यामागची गरज खरी होती. सड्याखालच्या वाडीतील विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात आणि बायकांना पाण्यासाठी उतार चढून-उतरून जावे लागते. ‘ओसाड’ माथ्यावर पाणी अडवले तर विहिरींना ते उन्हाळ्यात मिळेल, असा गावाचा सरळ विचार होता. निधी मार्चअखेर खर्च व्हायला हवा होता आणि दिवाळीनंतर काम सुरू करण्याचे ठरत आले होते.

आराखड्यावर जैवविविधता समितीचे मत मागवण्यात आले. समितीकडे त्या वेळी विद्यार्थ्यांनी तयार केलेली कच्ची यादी होती. तीत गेंदाची एकच ओळ होती: शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन सिनेरियम, अधिवास ‘सडा, सर्वत्र’, स्थिती ‘सामान्य’. हे नाव एका छायाचित्रावरून मोबाईलमधील ओळख-ॲपने सुचवले होते. एरिओकॉलॉन सिनेरियम ही आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात दूरवर पसरलेली, भाताच्या खाचरांत तण म्हणून येणारी जात आहे. नोंद जशी होती तशी वाचली, तर या फुलासाठी चरांची आखणी बदलावी असे कोणी म्हटले नसते आणि तसे न म्हणणे योग्यच ठरले असते.

यादीचे वाचन वाडीतील बैठकीत झाले, तेव्हा आयुष्यभर लावणी-बेणणी केलेल्या एका आजींनी तेथेच हरकत घेतली. “बाई, भातातला गेंद मी दरवर्षी उपटते. वर कातळात येतो तो हा नव्हे,” असे त्या विभागातील प्राध्यापिकांना म्हणाल्या. विचारल्यावर त्यांनी फरकही सांगितला: खाचरातला बुटका, राखाडी डोक्याचा आणि चिखलात झुपक्याने येणारा, कातळातला उंच दांड्याचा, पांढराशुभ्र आणि पाण्यात पाय बुडवून उभा असणारा. दोघांना गावात एकाच नावाने ओळखतात, म्हणून यादी करताना मुलांनी एकच फोटो दाखवला आणि लोकांनीही एकच नाव सांगितले होते.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाची माहिती हीच होती, आणि ती कोणत्याही उपकरणाशिवाय मिळाली. तिच्यातून दोन वेगळे प्रश्न पुढे आले. पहिला, सड्यावर गेंदाच्या खरोखर दोन जाती आहेत काय. दुसरा, असल्यास त्या कोठे-कोठे वाढतात आणि चरांच्या रेषा त्यांपैकी कशातून जातात. समितीतील काही सदस्यांना पहिला प्रश्न शास्त्रीय कुतूहलाचा आणि दुसराच काय तो कामाचा वाटत होता. पुढे कळले की एकाचे उत्तर दुसऱ्याविना देता येत नाही.

समोर असलेले पर्याय

ॲपने दिलेले नाव कायम ठेवून आराखड्याला संमती देणे, हा सर्वांत सोपा पर्याय होता. त्याने गावाचे काम वेळेत सुरू झाले असते. मात्र आजींनी उघडपणे घेतलेली हरकत नोंदवहीत न येता तशीच सोडावी लागली असती, आणि लोकांचे ज्ञान नोंदवणे हाच जिचा हेतू, त्या नोंदवहीच्या बाबतीत हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते.

दुसरा पर्याय केवळ प्रजातीपर्यंत नाव लिहून थांबण्याचा होता. ‘एरिओकॉलॉन, जात अनिश्चित’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे आणि पुष्कळ वेळा तेच करावे. येथे अडचण अशी होती की अनिश्चित नोंदीच्या आधारे निर्णय मागितला असता, ज्याला जे हवे ते त्यातून वाचता आले असते. झाडे लावू इच्छिणाऱ्यांनी तिला ‘सामान्य’ म्हटले असते आणि विरोध करणाऱ्यांनी ‘दुर्मीळ’.

काही विद्यार्थ्यांचा कल एकही रोप न उपटता केवळ बारकाईने छायाचित्रे घेण्याकडे होता. या भावनेबद्दल मला आदर आहे. पण गेंदाच्या बाबतीत मादी फुलाच्या पाकळ्या आहेत की नाहीत, निदले (पाकळ्यांबाहेरची दले) किती आणि कशी आहेत, बीवर कोणती नक्षी आहे, हे स्तबक सोडवल्याशिवाय दिसत नाही. शेवटचा पर्याय मोजके नमुने घेऊन, ते बी धरेपर्यंत थांबून, वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहण्याचा होता. त्याला वेळ लागणार होता. सड्यावरचे गेंद ऑगस्टच्या मध्यापासून फुलतात, पण पक्व बी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्येच मिळते, आणि नेमके त्यानंतर लगेच यंत्रे येणार होती.

समितीने शेवटचा पर्याय निवडला, आणि त्याबरोबर ग्रामपंचायतीला लेखी कळवले की आराखड्याला विरोध नाही, मात्र वरच्या अंगाच्या चरांची आखणी प्रत्यक्ष जागेवर करण्यापूर्वी समितीचा अहवाल पाहावा. सरपंचांनी ही विनंती मान्य केली. ती सरळ ‘काम थांबवा’ अशी असती तर मान्य झाली असती असे मला वाटत नाही.

नमुने घेताना ठरवलेली शिस्त

वर्षायू वनस्पतीचे रोप उपटणे म्हणजे त्या वर्षीचे बी काढून नेणे होय. खळगा लहान असेल तर दहा-बारा रोपे नेल्यानेही पुढील वर्षीच्या उगवणीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून वीस रोपांमागे एकापेक्षा जास्त रोप घ्यायचे नाही, ज्या खळग्यात वीसही रोपे नाहीत तेथून काहीच घ्यायचे नाही आणि शक्य असेल तेथे पूर्ण रोपाऐवजी एकच पक्व स्तबक कापून घ्यायचा, असे ठरवण्यात आले. खाजगी जमिनीतून नमुना घेण्यापूर्वी मालकाची परवानगी घेण्यात आली.

प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी भरली गेली आणि तीत फुलाच्या वर्णनाआधी जागेचे वर्णन लिहायचे असा क्रम ठेवला: तळाशी कातळ, खडी की चिखल, पाणी उभे की वाहते, त्याची खोली किती, उन्हात की झुडपाच्या सावलीत, सोबत कोणत्या वनस्पती आहेत. ताज्या फुलांचा रंग आणि परागकोशांचा रंग जागेवरच भिंगाने पाहून लिहिण्याचा आग्रह धरला, कारण वाळल्यावर हे रंग बदलतात. काही स्तबक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आणि बाकीची रोपे टिपकागदात दाबून वाळवली. पावसाळ्यात कागद रोज बदलले नाहीत तर दोन दिवसांत बुरशी चढते, ही साधी गोष्ट विद्यार्थ्यांना याच कामात नीट उमगली.

भिंगाखाली काय दिसले

खाचरांच्या कडेने घेतलेल्या नमुन्यांचा निकाल लवकर लागला. परागकोश फिकट, पांढरट होते. मादी फुलांत निदले अगदी अरुंद होती आणि पाकळ्या मुळीच नव्हत्या. ही लक्षणे एरिओकॉलॉन सिनेरियमशी जुळतात. म्हणजे ॲपने सुचवलेले नाव त्या छायाचित्रापुरते बरोबर होते. मूळ छायाचित्र कोठे घेतले हे शोधले, तेव्हा तेही सड्याच्या एका सखल, मातीने भरलेल्या भागात केलेल्या भातशेतीच्या बांधावरचे निघाले. दोष नावात नव्हता, तर त्या नावापुढे लिहिलेल्या ‘सडा, सर्वत्र’ या शब्दांत होता. एका बांधावरची ओळख संपूर्ण सड्यावर पसरवली गेली होती.

कातळातील खळग्यांचे नमुने वेगळे निघाले. परागकोश काळे होते. मादी फुलांना पाकळ्या होत्या आणि त्यांच्या टोकाजवळ या प्रजातीत नेहमी आढळणारी काळी ग्रंथी स्पष्ट दिसत होती. एवढ्यावरून हे रोप एरिओकॉलॉन सिनेरियम नाही हे निश्चित झाले, पण ते कोणते आहे हे कळण्यासाठी आणखी पुढे जावे लागले. स्तबकाच्या तळाशी असलेली छदे (पानांसारखी लहान आवरणे) स्तबकापेक्षा लांब की आखूड, ती सरळ की मागे वळलेली, फुले ज्या बैठकीवर बसतात ती लोमश (केसाळ) की गुळगुळीत, मादी फुलाच्या निदलांना पाठीवर कणा किंवा पंख आहेत काय, हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भाग सोडवून टिपले. यानंतर यादी काही मोजक्या, पश्चिम घाट आणि कोकण यांपुरत्या मर्यादित जातींपर्यंत आली. त्या जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की अंतिम निर्णय बियांच्या पृष्ठभागावरच अवलंबून होता.

येथे एक मोह टाळावा लागला. यादी तीन-चार नावांवर आल्यावर त्यांतील सर्वांत दुर्मीळ नाव लिहून टाकण्याची इच्छा होते, विशेषतः ते नाव जागेच्या रक्षणाला उपयोगी पडणार असेल तेव्हा. समितीतील एका तरुण सदस्याने तसे सुचवलेही. त्याची तळमळ खरी होती. परंतु पुढे कोणी तज्ज्ञाने ते नाव खोडून काढले असते, तर नावाबरोबर त्या जागेची बाजूही कोसळली असती. म्हणून ग्रामसभेपर्यंतच्या अहवालात ‘खाचरातील जातीहून निश्चित वेगळी, प्रदेशनिष्ठ जातींच्या गटातील, अंतिम नाव बी पक्व झाल्यावर’ असे लिहिले. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आणि मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये या भागातील जुन्या नमुन्यांचा मोठा साठा आहे. अशा संग्रहांवर काम केलेल्या एका अभ्यासकाने पुढे बियांच्या नक्षीवरून जात निश्चित केली. ती प्रदेशनिष्ठ आहे. गावाचा निर्णय मात्र तोपर्यंत झालेला होता, आणि तो जातिनामावर नव्हे, तर पाण्याच्या नोंदीवर झाला.

पाण्याची नोंद

नमुन्यांचे काम चालू असताना विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या गटाने सड्यावरचे वीसेक खळगे आणि पाझराचे पट्टे नकाशावर घेतले आणि दर आठवड्याला प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची खोली साध्या मोजपट्टीने मोजली. कातळावर रंगाने क्रमांक लिहिले नाहीत. मोबाईलवरील स्थाननिर्देशांक आणि हाताने काढलेला आराखडा यांवर भागवले.

श्रावणात नेहमीप्रमाणे पावसाने उघडीप दिली आणि त्या उघडिपीनेच चित्र स्पष्ट केले. तोपर्यंत सारा सडा सारखाच ओला दिसत होता. ऊन पडताच पातळ मातीचे पट्टे दोन-तीन दिवसांत सुकले. तेथे गवत आणि सीतेची आसवे होती, गेंद तुरळक. खाचरांत बांधामुळे पाणी टिकले, तळाशी मऊ चिखल होता, आणि तेथे राखाडी गेंद होता. पांढरा गेंद दाट होता तो कातळातील अशा उथळ खळग्यांत, ज्यांच्या तळाशी खडीचा थर होता आणि ज्यांतील पाणी उघडिपीतही आठवडाभर आटले नाही. आकाशातून पडलेल्या पावसाने ते टिकणे शक्य नव्हते, कारण शेजारचे तितकेच खोल काही खळगे सुकले होते. जे टिकले त्यांना वरच्या अंगाने कातळावरून अगदी पातळ थराने झिरपत येणारे पाणी मिळत होते. हातभर रुंदीचे, जेमतेम ओलसर दिसणारे ते पट्टे पायाखाली सहज दुर्लक्षित होतात.

चरांची प्रस्तावित रेषा याच पट्ट्यांना वरच्या बाजूने आडवी छेदत होती. चर खोदले असते तर एकाही खळग्याला यंत्राचा स्पर्श न होता त्यांचे पाणी तुटले असते. शिवाय खोदलेली आणि बाहेरून आणलेली माती पहिल्याच पावसात वाहून खळग्यांत बसली असती. खडीच्या जागी माती आली की तेथे गवत घट्ट होते आणि एवढ्याशा वर्षायू रोपाला उजेड व जागा उरत नाही. ‘फूल तेथेच राहील, आम्ही त्याच्यापासून लांब खोदत आहोत’ हे म्हणणे प्रामाणिक होते, पण पाण्याचा मार्ग पाहिल्यावर ते टिकत नव्हते.

ग्रामसभेपुढील निर्णय

ग्रामसभेत फुलापासून सुरुवात करायची नाही, विहिरींपासून करायची, असे समितीने आधीच ठरवले होते. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जांभ्याच्या वरच्या कठीण कवचाखाली पोकळ्यांची आणि भेगांची जाळी असते. पावसाचे पाणी त्यातून खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वाडीच्या विहिरी याच झऱ्यांवर आहेत. सडा पाणी मुरवण्याचे काम आजही करतोच. कमतरता आहे ती बाहेर आलेले पाणी पावसाळ्यानंतर थोपवून धरण्याची. भूजलाचा अनुभव असलेल्या एका अभियंत्यांनी जागा पाहून हेच सांगितले आणि कठीण कवचावरील चरांनी विहिरींना फारसा लाभ होणार नाही असे मत दिले.

त्यावरून ग्रामसभेपुढे तीन सूचना आल्या. पहिली, वरच्या अंगाचे चर वगळावेत आणि तो निधी पायथ्याचे झरे साफ करणे, जुन्या विहिरीचा गाळ काढणे आणि पावसाळा संपताच व्हाळावर (ओढ्यावर) वनराई बंधारे घालणे यांकडे वळवावा. दुसरी, झाडे लावायचीच असतील तर ती सड्याच्या कडेला, उतारावर जेथे मुळात माती आहे तेथे, स्थानिक जातींची लावावीत. तिसरी, खळगे आणि पाझराचे पट्टे मिळून सड्याचा जो भाग होतो तो नोंदवहीत स्वतंत्र अधिवास म्हणून लिहावा.

चर्चा सोपी झाली नाही. ‘फुलासाठी माणसांचे पाणी अडवता का,’ असा प्रश्न एका ज्येष्ठ ग्रामस्थांनी विचारला आणि त्यात तथ्य होते. विहिरींचे उत्तर तयार नसते तर त्यांचेच म्हणणे मान्य व्हायला हवे होते. काहींनी उलट टोकाची सूचना केली की सड्यावर गुरे नेण्यासही बंदी घालावी. ती समितीनेच नाकारली. गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत आली आहेत, हे अधिवास त्यांच्यासह टिकलेले आहेत, आणि चराई बंद झाली तर गवत किती वाढेल याचा विचार न करता असे पाऊल उचलणे घाईचे होते. शेवटी तिन्ही सूचना बहुमताने मंजूर झाल्या. मात्र निधीचे शीर्षक बदलून घेण्यात तालुक्याच्या पातळीवर बराच काळ गेला आणि त्या वर्षी बंधारे लोकांनी श्रमदानाने घातले.

ठिकाण नोंदवायचे कसे, हाही एक निर्णय होता. नेमके स्थाननिर्देशांक सार्वजनिक केले तर छायाचित्रकारांची आणि हौशी पर्यटकांची वर्दळ वाढते, आणि काही चौरस मीटरच्या खळग्याला ती एका मोसमातही जड जाते. निर्देशांक पूर्ण लपवले तर पुढच्या आराखड्याच्या वेळी कोणालाच काही माहीत नसते. समितीने नकाशासह पूर्ण नोंद स्वतःच्या प्रतीत ठेवली, ग्रामपंचायतीच्या बांधकामविषयक कागदपत्रांना तिची प्रत जोडली आणि लोकांसाठीच्या प्रतीत केवळ ‘सडा, खडीचे खळगे’ एवढेच लिहिले.

निष्पत्ती

नोंदवहीत आता गेंदाच्या दोन ओळी आहेत. राखाडी गेंद भातखाचरांच्या अधिवासाखाली येतो आणि पांढरा खळग्यांच्या. दोन्हींपुढे आजींनी सांगितलेला फरक त्यांच्याच शब्दांत लिहिला आहे आणि त्याचे श्रेय त्यांच्या संमतीने त्यांना दिले आहे. पुढील पावसाळ्यात पूर्वी नोंदवलेल्या बहुतेक खळग्यांत पांढरा गेंद पुन्हा उगवला. काहींत तो पूर्वीपेक्षा पुष्कळ विरळ होता. वर्षायू वनस्पतींची संख्या पावसाच्या वेळापत्रकानुसार वर खाली होत असते, म्हणून एका वर्षाच्या मोजणीवरून वाढ किंवा घट ठरवण्याचे समितीने टाळले आणि रोपे मोजण्याऐवजी ‘या खळग्यात आहे किंवा नाही’ अशी नोंद दरवर्षी घेण्याचे ठरवले.

सारे टिकले असे नाही. सड्याच्या एका कडेच्या खाजगी तुकड्यात काजू लागवडीसाठी माती टाकण्यात आली आणि तेथील दोन खळगे भरून गेले. मालकाने काहीच बेकायदा केले नाही, आणि कातळावर उत्पन्न घेण्याचा त्याचा प्रयत्न समजण्यासारखा आहे. समितीचा ठराव ग्रामपंचायतीच्या कामांना लागू होता. खाजगी जमिनीबाबत बोलणे कोणी केलेच नव्हते.

वेगळे काय करता येईल

अशा कामाला जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर सुरुवात व्हावी. येथे पाण्याची मोजणी जुलैअखेर सुरू झाली आणि खळगे प्रथम केव्हा भरतात, उगवण केव्हा होते, ही माहिती त्या वर्षापुरती हातची गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सड्यावरील कोणत्याही कामासाठीची पाहणी उन्हाळ्यात करण्याची पद्धत बदलायला हवी. मे महिन्यात गेलेल्या सर्वांत दक्ष निरीक्षकालाही तेथे कोरडा कातळच दिसेल, कारण त्या वेळी ही वनस्पती खडीतल्या अर्ध्या मिलिमीटरच्या बियांपलीकडे कोठेही अस्तित्वात नसते.

छायाचित्रांच्या बाबतीत एक साधा बदल पुरेसा आहे. फुलाच्या जवळच्या छायाचित्राबरोबर त्याच जागी उभे राहून एक जमिनीचे, एक पाच पावले मागे जाऊन आणि एक संपूर्ण परिसराचे छायाचित्र घ्यावे. कच्च्या यादीतील मूळ छायाचित्रात बांध दिसला असता, तर ‘सर्वत्र’ हा शब्द लिहिताना कोणीतरी थांबले असते. तसेच स्थानिक नाव विचारताना एकच फोटो दाखवून नाव विचारण्यापेक्षा, जे रोज त्या जमिनीवर राबतात त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष चालत जावे आणि ‘याच्यासारखे दुसरे काही येते का’ असे विचारावे. आजींची हरकत बैठकीत आली हे सुदैव. त्या दिवशी त्या दुसऱ्याच्या शेतावर गेल्या असत्या, तर नोंद तशीच पुढे गेली असती.

ॲपचा वापर बंद करावा असे मला वाटत नाही. प्रजातीपर्यंत पोहोचायला ते उपयोगी पडले. परंतु गेंद, सीतेची आसवे किंवा गवते यांसारख्या गटांत, जेथे ओळख फुलाच्या आतील भागांवर अवलंबून असते, तेथे ॲपचे नाव नोंदवहीच्या अंतिम रकान्यात जाऊ नये, असा नियम समितीने करून घेतला आहे.

खाजगी जमिनींचा प्रश्न अजून सुटायचा आहे. सड्याच्या उरलेल्या खळग्यांपैकी काही ज्या तुकड्यांत आहेत, त्यांच्या सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे आहेत आणि त्यांतील पुष्कळजण मुंबईत असतात. ते एकत्र गावी येतात गणपतीत, आणि पांढरा गेंद ऐन भरात असतो तोही तेव्हाच. समितीने या हिस्सेदारांना त्या दिवसांत सड्यावर नेऊन पाझराचे पट्टे दाखवायचे, माती टाकायची असेल तर ती कोणत्या रेषेच्या खाली टाकता येईल हे जागेवरच ठरवायचे आणि तेवढ्यापुरते लेखी संमतिपत्र घ्यायचे, असा ठराव केला आहे.